डोळ्यांवरची पट्टी आणि स्वतंत्रपूर

गंभीर दुखापतीतून सावरणाऱ्या माणसाची श्रद्धा म्हटली की नवस, अंगारा आणि देवापुढे जोडलेले हात एवढेच सर्वसाधारणपणे डोळ्यांसमोर येते. परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सर्वांत आधी श्रद्धा ठेवावी लागते ती दुसऱ्याच्या हातावर, आणि करुणेची ओळखही त्याला तेथेच पटते. औंध संस्थानातील एक प्रयोग आणि त्यातून स्फुरलेला एक चित्रपट यांच्या आधारे हे अधिक स्पष्ट होते.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने, गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत वसली. हे मुक्त कारागृह होते, म्हणजे तेथील कैदी कोठडीत न राहता आपल्या बायकामुलांसह राहत, शेती करीत आणि स्वतःच्या कष्टाचे खात. ज्याला पळून जाणे शक्य आहे त्याच्यावरच विश्वास टाकायचा, हा त्या वसाहतीचा पाया होता. पळून जाणे शक्य असूनही विश्वास, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. 

या वसाहतीवरून स्फुरलेला चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकर तर औंध संस्थानच्याच मुलुखातले. सहा खुन्यांना माळरानावर नेऊन त्यांच्याकडून शेती पिकवून घेणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका शांतारामांनी स्वतः केली. कैद्यांना बांधून ठेवतात ते या अधिकाऱ्याचे डोळे, आणि बैलाशी झुंजीचे दृश्य चित्रित होत असताना शांतारामांना इजा झाली तीही डोळ्यांनाच. डोळ्यांवर पट्टी आली, दृष्टी राहील की जाईल याची शाश्वती उरली नाही. पुढे दृष्टी परतली, आणि १९५९ साली त्यांचा ‘नवरंग’ आला. अंधाराच्या त्या दिवसांत मनात रंग कसे उमटले, हे त्यांनी त्या चित्रपटाच्या प्रारंभी स्वतःच सांगितले आहे. आधीचा चित्रपट कृष्णधवल होता आणि हा रंगांनी ओसंडणारा, हेही लक्षात घ्यावे.

डोळे बांधलेल्या माणसाला पाण्याचे भांडे कोणीतरी हातात द्यावे लागते आणि ते पुरते धरले जाईपर्यंत देणाऱ्याने सोडू नये, एवढ्याशा गोष्टीत दोघांचाही विश्वास पणाला लागलेला असतो. समाचाराला येणारी मंडळी मात्र रुग्णाच्या उशाशी बसून त्याच्या देखत, तो जणू तेथे नाहीच अशा रीतीने, घरच्यांशी त्याच्याविषयी बोलत राहतात आणि ओळखीतल्या बिघडलेल्या रुग्णांच्या कहाण्या ऐकवतात. ही सवय मोडली पाहिजे. रुग्णाला भांडे स्वतः धरू द्यावे, थोडे सांडले तर सांडू द्यावे. स्वतंत्रपूरच्या कैद्याच्या हाती नांगर दिला गेला तो याच भरवशाने.

भवानरावांनी आयुष्यभर पुरस्कारलेला सूर्यनमस्कार आणि दुखण्यातून उठलेले शरीर यांचा संबंध हा याच विषयाचा दुसरा भाग होय. परंतु त्याचा येथे केवळ उल्लेख करता येतो.