लहान वाइनरींची दोन दिवसांची सहल : बागाईतदाराने काय पाहावे?

(द्राक्ष बागाईतदारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण दुसऱ्याची बाग पाहायला हौसेने जातो. छाटणी कशी केली, काडी किती ठेवली, घड किती राखले, हे बारकाईने पाहतो. मात्र ज्या द्राक्षाची वाइन होते ते द्राक्ष बागेबाहेर गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हे पाहायला आपण सहसा जात नाही. शनिवार-रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूला मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. तेथील मोठ्या, नावाजलेल्या वाइनरी शहरातील माणसाने पाहिल्या आहेत. बागाईतदाराने मात्र लहान वाइनरी पाहाव्यात, असे माझे मत आहे. तेथे दाखविणारा माणूस बहुधा मालक किंवा वाइन तयार करणारा तंत्रज्ञच असतो. त्याला दराचे, विजेचे, उधारीचे प्रश्न विचारता येतात.

सहल केव्हा व कोठे करावी?

डिसेंबरची अखेर किंवा जानेवारीची सुरुवात ही वेळ उत्तम. वाइनच्या द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. त्याच्या थोडे आधी गेल्यास वेलीवर घड पाहावयास मिळतात आणि आत टाक्यांची स्थितीही कळते. या दुसऱ्या गोष्टीकडे मी पुढे येणार आहे.

शनिवारी निफाड तालुक्यात जावे. थंडीच्या बातम्यांत ज्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचे नाव येते, त्याच कुंदेवाडीत द्राक्षशेतीतील एका कुटुंबाने 'रेव्हेलो' ही वाइनरी उभारली. सांजियोव्हेज, नेरो डी'अवोला, ग्रिलो या इटलीतील जातींची वाइन त्यांनी केली. थॉमसन आणि सोनाका पाहिलेल्या डोळ्यांना हे लहान, बियांचे मणी नवीन वाटतील. पुढे छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर विंचूर येथे औद्योगिक विकास महामंडळाचे गोदावरी वाइन पार्क आहे. मुले बरोबर असतील तर जवळचे नांदूर मध्यमेश्वर चुकवू नये. त्या दिवसांत तेथे स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात.

रविवारी नाशिक ओलांडून इगतपुरी तालुक्यात जावे. मुकणे धरणाच्या काठी, कावनई-सांजेगाव परिसरात व्हॅलोनेसारखी लहान वाइनरी आहे. निफाडची कोरडी हवा आणि इथला भरपूर पाऊस, दोन्ही ठिकाणी एकच पीक कसे घेतात, हे ताडून पाहता येते. निघण्यापूर्वी फोन करून वेळ ठरवावी. लहान वाइनरीत रोज पाहुण्यांची सोय असतेच असे नाही.

वाइन पिणे न पिणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. न पिताही सर्व काही पाहता येते. चव घेऊन थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते, त्यात कोणी कमीपणा मानत नाही. २१ वर्षांखालील कोणाला चव देऊ नये व गाडी चालविणाऱ्याने ती घेऊ नये, हे मात्र कटाक्षाने पाळावे.

आत गेल्यावर काय पाहावे?

प्रथम माल उतरविण्याची जागा पाहावी. आपण खाण्याच्या द्राक्षात मण्याचा आकार, रंग व टिकाऊपणा पाहतो. त्यासाठी जिब्रेलिक आम्ल वापरतो. येथे मणी लहानच हवा, कारण रंग व स्वाद सालीत असतो. साखर २२ ते २४ ब्रिक्स झाल्यावर तोडणी करतात. त्यातून साधारण १२ ते १३ टक्के अल्कोहोल मिळते. साखरेबरोबर आम्लताही मोजतात. माल सकाळी थंड वेळेतच का मागतात, कुजलेल्या मण्यांसाठी किती कपात करतात, हे विचारावे. तोडणीच्या तोंडावर गंधक मारलेले असेल तर आंबविताना वाइनला कुजक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. म्हणजे आपल्या फवारणीची नोंदवही तेथे दरावर परिणाम करते.

दुसरी जागा टाक्यांची. पांढऱ्या वाइनचा रस साल बाजूला काढून साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअसला आंबवितात. तांबड्या वाइनमध्ये रस सालीसह २५ ते २८ अंशांच्या आसपास आंबतो. बाहेर ३५ अंश असताना आत १४ अंश राखायचे म्हणजे सतत वीज आली. वीज गेल्यावर काय करता, हा प्रश्न अवश्य विचारावा. उरलेल्या चोथ्याचे कंपोस्ट करतात तेही पाहावे.

तिसरी जागा ओकच्या लाकडी पिंपांची. चांगली तांबडी वाइन येथे अनेक महिने मुरते. पाहुण्यांना ही खोली फार आवडते. आपण मात्र तेथे उभे राहून एवढेच मनात आणावे की, आपल्या द्राक्षाचे पैसे या पिंपात अडकून बसले आहेत.

टाकी रिकामी आहे का?

आता मी मुद्द्यावर येतो. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. विंचूर व पलूस येथे वाइन पार्क झाले. अनेक शेतकरी कुटुंबांनी कर्जे काढून वाइनरी उभ्या केल्या आणि कितीतरी बागाईतदारांनी वाइनच्या जाती लावल्या. २००८ साली जागतिक मंदी आली, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. वाइनचा खप खाली आला. टाक्यांत जुनी वाइन तशीच राहिली. जुनी वाइन विकली नाही तर नवा रस ठेवायचा कोठे? वाइनरींनी द्राक्षे घेण्याचे थांबविले वा कमी केले. पुढच्या एक-दोन हंगामांत अनेकांनी उभ्या बागा तोडल्या.

त्या दिवसांत मी एका शिराझच्या बागेत उभा होतो. घड वेलीवरच सुकत होते. मालकाने मला विचारले, "साहेब, थॉमसन असता तर बेदाणा तरी केला असता. हे कोण खाणार?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. खाण्याच्या द्राक्षाला निर्यात नाही तर देशी बाजार, तो नाही तर बेदाणा, अशा तीन वाटा आहेत. वाइनच्या द्राक्षाला एकच दार असते. ते दार उघडे राहील की नाही, हे तोडणीपूर्वी रिकाम्या टाक्यांवरून कळते.

म्हणून सहलीत पुढील पाच प्रश्न विचारावेत :

१) गेल्या हंगामातील किती टक्के माल विकला गेला? आज किती टाक्या भरलेल्या आहेत?
२) बागाईतदारांशी लेखी करार किती वर्षांचा असतो?
३) दर कसा ठरतो? ब्रिक्स, आम्लता व कूज यांनुसार वाढ-घट किती?
४) पैसे किती दिवसांत मिळतात?
५) माल घेता न आल्यास करारात काय तरतूद आहे?

शक्य तर त्याच गावातील माल घालणाऱ्या एखाद्या बागाईतदाराकडे चहाला जावे आणि हेच प्रश्न त्यालाही विचारावेत.

स्वतःची वाइनरी काढावी काय?

सहलीहून परतताना हा विचार डोक्यात येतोच. थोडा हिशेब करू. १ टन द्राक्षापासून साधारण ६५० लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या सुमारे ८६० बाटल्या होतात. एकरी ४ टन धरले तर एका एकराच्या साडेतीन हजारांच्या आसपास बाटल्या झाल्या. एका पाहुण्या कुटुंबाने दोन बाटल्या घेतल्या, तर वर्षभर दर शनिवार-रविवारी ३३ कुटुंबे दारात यावी लागतील. तीही एका एकरासाठी! शिवाय राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय वाइन करून विकता येत नाही.

त्यापेक्षा सोपी वाट आहे. वाइनरीकडे येणारे पाहुणे शेजारच्या बागेतही येऊ शकतात. त्यांना छाटणी दाखवावी, पिठले-भाकरी वाढावी, घरचा बेदाणा द्यावा. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे व अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. यात घरातील भगिनींचा वाटा मोठा राहील, म्हणून सहलीला त्यांनीही अवश्य यावे. पाहुण्याला बसवितात कोठे, स्वच्छतागृह कसे आहे, दर किती लावतात, हे त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

बंधूंनो, जी वाइनरी आपला माल घेणार, ती लागवडीपूर्वी स्वतः पाहा. करार आधी, खुंट नंतर, हा क्रम सोडू नका. दोन दिवसांचा खर्च फार नाही. चुकीच्या जातीची बाग तोडण्याचा खर्च मात्र कित्येक वर्षे फिटत नाही.