सणासुदीचे फोटो आणि त्यांतली नावे

सण जवळ आला की माणसाचे पाय आपोआप घराकडे वळतात. पुण्या-मुंबईला कामाला गेलेला मुलगा गर्दीत उभा राहून का होईना, पण गावी येतो. मात्र काही माणसांचे पाय नेमके सणालाच घराबाहेर पडतात. एस.टी.चा चालक, सरकारी दवाखान्यातली परिचारिका, विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन, बंदोबस्तावरचा पोलीस ही ती माणसे. ह्याच पंगतीत अगदी शेवटच्या पाटावर आणखी एक जण बसलेला असतो. तो म्हणजे जिल्ह्याच्या वृत्तपत्राचा छायाचित्रकार. वाशिम जिल्ह्यात सुमारे तीस वर्षे मी हे काम करीत आलो आहे, म्हणून त्याविषयी चार गोष्टी आपल्यापुढे मांडतो.

आमचा हंगाम पिठोरी अमावास्येला, म्हणजे पोळ्याला सुरू होतो. दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा, लाकडी नंदीबैलांचा. मग गणपती, महालक्ष्म्या, अनंत चतुर्दशीची मिरवणूक. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुलींची भुलाबाई. त्यातच नवरात्र आणि दसरा. दसऱ्याच्या आधी एस.टी.च्या स्थानकावर पांढऱ्या शुभ्र कपड्यांतली कुटुंबे नागपूरच्या गाडीची वाट पाहत बसलेली दिसतात. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, त्या भूमीला वंदन करायला ती निघालेली असतात. मग दिवाळी. आणि मार्गशीर्षात दत्तजयंती, की साऱ्या वाटा कारंजाकडे वळतात, कारण श्रीनृसिंह सरस्वतींचे ते जन्मस्थान. ईद मात्र आमच्या वहीत एका जागी बसत नाही. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे ती दरवर्षी तितकी अलीकडे सरकते. कधी पावसात येते, कधी उन्हाळ्यात.

एवढे सगळे सहा तालुक्यांत पसरलेले, आणि माणूस एकच. एका दिवशी दहा ठिकाणी पोळा भरतो. जायला मिळते ते दोन ठिकाणी. तेव्हा कुठे जायचे, कुणाचा फोटो घ्यायचा, आणि कुणाचा राहू द्यायचा, हाच ह्या धंद्यातला मुख्य प्रश्न आहे. यंत्र चालवणे सोपे असते. निवड करणे अवघड.

मी कामाला लागलो तेव्हा वाशिम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता. १ जुलै १९९८ रोजी तो वेगळा जिल्हा झाला. वर्तमानपत्र छापले जाई अकोल्याला. मिरवणूक संपली की फिल्म धुवायची, अंधारखोलीत लाल दिव्याखाली फोटो करायचा, पंख्याखाली वाळवायचा आणि पाकिटात घालून रात्रीच्या एस.टी.च्या चालकाच्या हाती द्यायचा. पाकीट वेळेवर पोचले तर सकाळी फोटो दिसे. गाडी वाटेत बिघडली तर तो शिळा होऊन केराच्या टोपलीत जाई.

त्याहूनही मागच्या पिढीत फोटो छापण्यासाठी जस्ताचा ठसा, म्हणजे ब्लॉक करावा लागे. एका बारीक जाळीतून चित्राचे ठिपक्यांत रूपांतर करीत आणि तेजाबाने ते ठिपके पत्र्यावर उठवीत. वर्तमानपत्राच्या खडबडीत कागदासाठी जाळी ठेवीत इंचाला साधारण साठ-पासष्ट रेघांची. शिक्षकबंधूंनी एखादे जुने वर्तमानपत्र आणून वर्गात भिंगातून दाखवावे. मुलांना ठिपके मोजता येतील. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते आणि असे ठसे करण्याच्या कामातही त्यांनी काही वर्षे घालवली होती, हेही मुलांना सांगण्याजोगे आहे.

ब्लॉकला खर्च येई. म्हणून पुष्कळ छोटी वृत्तपत्रे सणाचे दोन-चार ठसे जपून ठेवीत. एक बैलजोडी, एक समई, एक आपट्याची फांदी. सण आला की ठसा काढायचा, शाई लावायची आणि छापायचा. बैलजोडी कुठल्या गावची, धनी कोण, कुणालाच ठाऊक नसे. त्या काळी हा नाइलाज होता. आज ब्लॉक गेले, फिल्म गेली. शेतात उभे राहून काढलेला फोटो मिनिटभरात संपादकाच्या टेबलावर जातो. आणि तरी तीच बिनगावाची बैलजोडी पुन्हा दारात उभी राहिली आहे. आता संगणकाला नुसते सांगितले तरी तो पोळ्याचे चित्र तयार करून देतो. बैल धष्टपुष्ट, झूल झगझगीत, शेतकरी हसतमुख. फक्त तो बैल कोणत्याही गोठ्यात कधी बांधलेला नसतो, आणि तो शेतकरी कोणाचाही बाप नसतो.

मग लोक विचारतात, “चित्र तर सुंदर आहे, तुम्ही कशाला उन्हातान्हात फिरता?” ह्या प्रश्नाचे उत्तर पोळ्यातच सापडते.

पोळा प्रत्यक्ष फुटतो तो क्षण फार थोडा. दुपारभर जोड्या येत राहतात, मारुतीसमोर तोरणाखाली रांग लागते, झडत्या रंगतात, त्यांत सावकारापासून सरकारपर्यंत सर्वांची हजेरी घेतली जाते. तोरण तुटले की बैल घराकडे सुटतात आणि पाहता पाहता सारे पांगते. तो फोटो हवा असेल तर आधी तासभर जागा धरून बसावे लागते. आणि नेमक्या त्याच वेळी खांद्यावर हात पडतो : “भाऊ, साहेब आले, पूजेचा फोटू घ्या आधी!” साहेब वाईट नसतात. पण त्यांची दिवाळीच्या शुभेच्छांची जाहिरात पुढे मिळायची असते, आणि छोट्या गावच्या बातमीदार-छायाचित्रकाराची निम्मी कमाई त्या जाहिरातीच्या कमिशनवर असते, हे त्यांनाही माहीत असते आणि आम्हालाही. मी साहेबांचा फोटो पूजेच्या वेळी काढतो. त्यांना तो मिळतो. तोरण तुटताना मात्र कॅमेरा बैलांकडे असतो. कारण साहेबांचे फोटो वर्षभर निघतात. त्या बैलाचा निघतो तो एकदाच. ट्रॅक्टर आल्यापासून गावोगाव जोड्या कमी होत चालल्या आहेत. ह्या वर्षी तोरणाखाली कोणकोण उभे होते, हे पुढे नातवाला दाखवायचे तर आजचा, ह्याच गावचा फोटो लागेल. बनवलेले चित्र तिथे कामाचे नाही.

दिवाळीच्या फोटोंची तऱ्हा वेगळी. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक मराठी दैनिकांचा अंक निघत नाही, म्हणून त्या रात्रीचा फोटो छापून यायला एक दिवस उशीर होतो. घाई नसते. ही फुरसत वापरून मी बंजारा तांड्यावर जातो. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. तिथली रामनवमीची यात्रा सर्वांना माहीत आहे, पण तांड्यावरची दिवाळी बाहेरच्या फार थोड्यांनी पाहिलेली असते. अमावास्येच्या रात्री कुमारिका हातात दिवे घेऊन आधी नायकाच्या घरी आणि मग घरोघर जातात, वडीलधाऱ्यांना ‘मेरा’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी रानात जाऊन फुले आणतात.

इथे फ्लॅश लावला की दिवा मरतो. चेहरे पांढरेफटक आणि मागे काळोख, एवढेच उरते. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटे आकाशात निळसर उजेड असतो. त्या वेळात दिवाही दिसतो, चेहराही दिसतो आणि मागची घरेही दिसतात. त्यानंतर दिव्याच्याच उजेडावर भागवावे. शटर सावकाश ठेवावे, कोपर दाराच्या चौकटीला टेकवावे आणि श्वास रोखावा. तरुण मंडळी मोबाइलवर फोटो काढतात, त्यांनीही फ्लॅश बंद करून हे करून पाहावे.

पण त्याआधी एक काम असते, ते म्हणजे विचारण्याचे. तांड्यावर नायकाला विचारावे, मुलींच्या आयांना विचारावे. महालक्ष्म्यांपुढे फोटो घ्यायचा तर घरच्या बाईला विचारावे. मंगरुळपीरच्या दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यात जायचे तर तिथल्या रीतीने जावे. सण हा लोकांच्या घरातला असतो. कॅमेरा गळ्यात असला म्हणून आपण घरचे होत नाही. होमाई व्यारावाला ह्या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या काळातली त्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. १९७० साली त्यांनी हे काम सोडले, आणि कारण सांगितले ते असे की धंद्यातली रीतभात उरली नाही. पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. रीतभातीसाठी कॅमेरा खाली ठेवणारी ती बाई आम्हा सर्वांना वडीलधारी आहे.

आता दिवाळीची दुसरी बाजू. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनची काढणी आणि दिवाळी जवळजवळ एकाच वेळी येतात. सोयाबीन घरात आले तर दिवाळी होते. काढणीच्या तोंडावर पाऊस लागला तर शेंगेत कोंब फुटतात, गंजी ताडपत्रीखाली कुजते, आणि बाजारात लावलेले आकाशकंदील दुकानातच राहतात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि विदर्भातही अतिवृष्टीने खरिपाचे फार नुकसान केले. अशा वर्षी छायाचित्रकाराने कुठे उभे राहावे? रोषणाई आहे तीही खोटी नाही. काळवंडलेली गंजी आहे तीही खोटी नाही. दोन्ही एका पानावर आल्या पाहिजेत, असे माझे मत आहे.

मात्र तिथे एक मोह टाळावा लागतो. “बाबा, जरा कपाळाला हात लावून बसा,” असे शेतकऱ्याला सांगितले की फोटो जोरदार होतो, हे ह्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण ज्याचे पीक गेले त्याला दुःखाचे सोंग कशाला घ्यायला लावायचे? तो बहुधा कपाळाला हात लावून बसलेला नसतोच. तो ओले सोयाबीन उन्हात पसरत असतो, उरलेले निवडत असतो, आणि मधेच आपल्याला विचारतो, “चहा घेता काय, भाऊ?” तोच फोटो खरा. तो माणसाचा अपमान करीत नाही आणि नुकसानही लपवीत नाही.

शेवटची गोष्ट नावांची, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. फोटोखाली ‘पोळ्यानिमित्त शेतकरी’ किंवा ‘भुलाबाईची गाणी म्हणताना महिला’ एवढेच छापले तर तो फोटो आणि जुना ब्लॉक ह्यांत फरक काय राहिला? म्हणून मी फोटो काढून झाल्यावर वही काढतो. पुरुष नाव सांगतात, आडनाव सांगतात, बैलांचीही नावे सांगतात. बायांना विचारले की त्या आधी हसतात आणि मग म्हणतात, “लिहा ना, अमक्याची माय.” मी म्हणतो, “तुमचं नाव सांगा, बाई.” मग शेजारीण सांगते, कधी नात सांगते. आपले नाव कागदावर लिहिले जाताना पाहणाऱ्या बाईचा चेहरा फोटोतल्या चेहऱ्याहूनही पाहण्यासारखा असतो. नाव छापायला नको असे कोणी म्हटले तर तेही ऐकावे. पण विचारल्याशिवाय ‘महिला’ म्हणून मोकळे होऊ नये.

घरोघर पेट्यांत जुने फोटो पडले आहेत. त्यांतले आजी-आजोबा ओळखणारी माणसे एकेक करून जात आहेत. म्हणून श्रोत्यांना आणि विशेषतः शिक्षकांना माझी विनंती आहे. ह्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घरचा एकेक जुना फोटो शोधायला सांगा. घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसून त्यातल्या प्रत्येकाचे नाव, गाव आणि साल विचारायला सांगा. ते मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने फोटोच्या मागे लिहावे. बॉलपेन वापरू नये, त्याची रेघ पुढच्या बाजूला उमटते. चिकट पानांच्या अल्बमपेक्षा साधे कागदी पाकीट बरे. मोबाइलमधले चांगले फोटो आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवावेत, आणि वर्षातले चार-पाच तरी कागदावर छापून घ्यावेत. शाळेने गावाविषयी छापून आलेल्या फोटोंची कात्रणवही ठेवावी आणि ती उन्हापासून जपावी, कारण वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडतो.

आणि यंदाच्या सणाला तुमच्या गावात कोणी कॅमेरा घेऊन आला, तर त्याला नुसते “चांगला काढा” म्हणू नका. फोटोत कोण कोण आहे ते त्याला नीट सांगा, आणि त्याने ते लिहून घेतले की नाही तेवढे पाहा.