मधुचंद्र दोघांचा

आमच्या पाथरीत लग्नानंतर नवं जोडपं आधी देवदर्शनाला जातं. माझ्या पुतण्याचं लग्न वैशाखात ठरलं आणि त्यानं मधुचंद्रासाठी जपानचं नाव काढलं. मी एवढंच म्हटलं, "अरे, तिला विचारलंस का?"

मग दोघं एकत्र बसली. तोक्यो-क्योतोत साकुरा बहरतो तो मार्चअखेर ते एप्रिलच्या आरंभी, तोही आठवडाभरच. मेच्या सुरुवातीला तिथं 'गोल्डन वीक'च्या सुट्ट्या, म्हणजे सगळीकडे गर्दी. जूनमध्ये पाऊस. होणारी सूनबाई म्हणाली, "नोव्हेंबरअखेर जाऊ. क्योतोत मेपलची पानं लाल होतात, आणि तोवर कापसाचे पैसेही हाती येतील."

ती शाकाहारी. जपानी मिसो सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो. म्हणून तिनंच शोधून काढलं, की कोयासान डोंगरावरच्या बौद्ध मठांत राहता येतं आणि तिथं 'शोजिन र्योरी' हा शाकाहारी स्वयंपाक मिळतो.

राहिला पासपोर्ट. तो तिच्या माहेरच्या नावाचा. घरातले म्हणाले, आधी नाव बदला. पण लग्नानंतर नाव बदलायची कायद्यानं सक्ती नाही. फक्त तिकीट आणि व्हिसा पासपोर्टवरच्याच नावानं हवेत. ती हळूच म्हणाली, "काकू, माझं नाव राहू द्या ना." पुतण्यानं लगेच मान डोलावली.

प्रवास आठ दिवसांचा. एकमेकांना विचारायची ही सवय मात्र संसारभर उपयोगी पडेल.