अगोदर आपला सात-बारा, मग दुसऱ्याचा प्लॉट



थोड्या पैशात जागेत गुंतवणूक कशी करावी, हा विषय आम्हांस दिला आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, पोटासाठी बँकेत कारकुनी करतो. वकील नाही, दलालही नाही. पण माणसे पैसा किती वर्षे साठवतात आणि किती घाईने काढून नेतात, हे खिडकीवर बसून रोज दिसते. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत आज प्लॉटच्या पाट्या जागोजागी दिसतात. तिकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, इकडे कुरकुंभची. दौंडचे रेल्वे जंक्शन आणि सोलापूर रस्ता. भाव वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको. आपला मुलगा नोकरीला लागला, हाती दोन पैसे आले, की गुंठा घ्यायला निघतो. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. स्वप्न वाईट नाही. पण आम्ही त्याला आधी एकच विचारतो, तुझ्या आजोबांचा सात-बारा तू कधी पाहिलास का?

आपल्यापैकी अनेकांच्या गावी वतनाची जमीन आहे किंवा होती. या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने संपली आणि ठरलेली रक्कम भरणाऱ्यांना जमिनी पुन्हा देण्यात आल्या. मात्र ही जमीन भोगवटादार वर्ग दोनची. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. तरीही विसार पावती, नोटरी, कुलमुखत्यारपत्र अशा कागदांवर अंगठे घेतले जातात, आणि लाखाची जमीन लग्नाच्या खर्चात जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातील मुंढव्याच्या सुमारे चाळीस एकर महार वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. तेव्हा अनेकांना प्रथमच कळले, की अशा जमिनीला तीनशे कोटींचा आकडा लागू शकतो!

तेव्हा पहिली गुंतवणूक पंधरा रुपयांची करा. महाभूमीवर डिजिटल सहीचा सात-बारा तेवढ्यात मिळतो. जुने फेरफार तहसील कचेरीतून काढा. जमीन पुन्हा दिल्याची नोंद आहे का, इतर हक्कांत काय लिहिले आहे, हे वाचा. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली आणि वारस नोंद नाही, अशी घरे कमी नाहीत. नोंदीची वर्दी तीन महिन्यांत द्यावी असा नियम आहे; उशीर झाला असला तरी आता द्या. आणि हो, बहिणींची नावे वगळू नका. वारसा कायदा आपणांसही लागू आहे व त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. हक्कसोडपत्रावर सही हवी म्हणून दिवाळीत साडी नेणारे भाऊ आपल्यातही आहेत, हे नाइलाजाने सांगावे लागते.

ज्यांना जमीनच नाही अशा दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबांनी समाजकल्याण कार्यालयात कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजनेची चौकशी करावी. तीत चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची तरतूद आहे. विकायला योग्य जमीन मिळणे अवघड, हा तिचा अडसर आहे खरा.

आता प्लॉट. जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८ च्या कुळकायद्याचे कलम ६३ आड येते. शिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. म्हणून दहा-अकरा जणांची नावे एका सात-बारावर चढवून 'सामाईक' गुंठे विकले जातात. त्यात आपला गुंठा नेमका कोणता, हे भांडणाच्या दिवशी कळते. २०२५ मध्ये शासनाने तुकडेबंदीत सवलती जाहीर केल्या. त्या आपल्या गटाला लागतात का, हे दुय्यम निबंधकाकडे विचारा, दलालाकडे नको. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर बिगरशेती प्लॉट पाडून विकणाऱ्याकडे महारेराचा क्रमांक मागा. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी तो दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

आमची स्वतःची कसोटी साधी आहे. ज्या प्लॉटवर बँक कर्ज नाकारते, तेथे आपली पुंजी का टाकावी? बँक तीस वर्षांचा शोध घेते. आपणही वकिलाला चार पैसे देऊन तो घ्यावा.

पैशाचे गणित थोडक्यात. दरमहा तीन हजार आवर्ती ठेवीत टाकले, तर ६.७ टक्क्यांनी पाच वर्षांत सुमारे दोन लाख चौदा हजार होतात. पाच लाखांच्या प्लॉटला मुद्रांक आणि नोंदणीचे तीस-पस्तीस हजार वेगळे धरा. पतसंस्थेचे वैयक्तिक कर्ज काढून प्लॉट घेऊ नका. हप्ता चुकला की प्लॉट निम्म्या भावात जातो.

आता शंका विचाराव्यात. कोणी सात-बारा सोबत आणला असेल, तर चहाच्या वेळी आपण मिळून वाचू.