महामहोपाध्याय मिराशी आणि अजिंठ्याचा शिलालेख

इजिप्त देशाच्या वाळवंटी भागांत पाऊस जवळजवळ पडतच नाहीं. त्यामुळें नाईल नदीकांठच्या लव्हाळ्यापासून केलेल्या पपायरस नांवाच्या कागदावरील पत्रें, हिशेब आणि काव्यें वाळूखालीं दोन-दोन हजार वर्षें सुखरूप राहिलीं. ग्रेनफेल व हंट ह्या दोघां इंग्रज पंडितांनीं इ. स. १८९६ च्या हिवाळ्यापासून तेथील ऑक्सिऱ्हिंकस गांवचे प्राचीन उकिरडे उपसले, आणि हरवलीं म्हणून समजलेलीं ग्रीक काव्यें कचऱ्यांतून वर आलीं. आपल्या देशाला हें भाग्य लाभलें नाहीं. येथील भूर्जपत्रें व ताडपत्रें पावसाळ्यानें आणि वाळवीनें खाल्लीं. वाकाटक राजांच्या दफ्तरांत किती पानें लिहिलीं गेलीं असतील कोण जाणे. त्यांतलें एकहि हातीं लागत नाहीं. उरलें तें तांब्यावर आणि दगडावर कोरलेलें. तिकडे पपायरस वाचणाऱ्यानें जें केलें तेंच येथें शिलालेख व ताम्रपट वाचणाऱ्यांना करावें लागलें. आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील अजिंठ्यापुरतें बोलावयाचें तर त्यांत अग्रमान महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांचाच.

मिराशींचा जन्म इ. स. १८९३ मध्यें कोंकणांत, देवगड तालुक्यांतील कुवळें गांवीं झाला. संस्कृत घेऊन एम. ए. झाल्यावर ते नागपुरास मॉरिस कॉलेजांत अध्यापक झाले. इ. स. १९३४ मध्यें प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘कालिदास’ हा मराठी ग्रंथ पुष्कळांच्या परिचयाचा आहे. परंतु ज्या विदर्भांत ते शिकवीत होते ती वाकाटकांची भूमि. नांगराच्या फाळाला लागलेला पत्रा तांबटाच्या भट्टींत जाण्यापूर्वीं जाणत्याच्या नजरेस पडला, तर तो एखाद्या राजाचें दानपत्र निघावयाचा! कालिदास शिकविणारा हा अध्यापक त्या पत्र्यांकडे वळला आणि मग उभ्या आयुष्यांत त्यांच्यापासून दूर गेला नाहीं.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं अजिंठा पाहिला असेल त्यांची दृष्टि सहसा चित्रांवरच खिळून राहिली असेल. सोळाव्या लेण्याच्या ओसरीबाहेर डाव्या अंगास भिंतीवर एक लेख आहे, तिकडे फारसें कोणी पाहत नाहीं. हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव ह्यानें तें लेणें बौद्ध भिक्षूंना अर्पण केलें, आणि तसें करतांना आपल्या धन्याची वंशावळहि कोरून ठेवली. दुर्दैवानें तो भाग उघड्यावर. पंधराशें पावसाळे अंगावर घेऊन अक्षरें झिजलीं, कित्येक नाहींशीं झालीं. वाकाटकांच्या लिपींत अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकोनी पेटी असते. ती पेटी आणि खालची एखादी रेघ एवढेंच शिल्लक राहिलें, तर अक्षर कोणतें हें ठरविणें म्हणजे अर्ध्या पुसलेल्या पाटीवरून मुलाचें उत्तर ओळखण्यासारखें आहे.

हा लेख प्रथम नेटानें वाचला तो मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनीं, इ. स. १८६० नंतरच्या दशकांत. त्यानंतर इ. स. १८८३ मध्यें जर्मन पंडित बूलर ह्यांचें वाचन छापून आलें. दोघेहि थोर, पण वाकाटकांचें घराणें एकच, अशीच त्या काळची समजूत असल्यामुळें झिजलेल्या जागीं ओळखीचींच नांवें दिसलीं. मन ज्याची अपेक्षा करतें तें डोळा वाचतो.

हा गुंता सुटला वाशीमला. तेथें इ. स. १९३९ मध्यें एक ताम्रपट मिळाला. वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, येथून राजा विंध्यशक्ति ह्यानें नांदेडच्या बाजूचें एक गांव ब्राह्मणांना दिल्याचा तो लेख होता. कांहीं भाग संस्कृत, कांहीं प्राकृत. त्यांत राजाच्या पित्याचें नांव सर्वसेन, आणि तो पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र. सर्वसेन हें नांव साहित्यांत अगदींच अपरिचित नव्हतें. ‘हरिविजय’ ह्या लुप्त प्राकृत काव्याचा कर्ता म्हणून आनंदवर्धनादि साहित्यशास्त्रकारांनीं त्याचा निर्देश केला आहे. वत्सगुल्माचें नांवहि राजशेखरानें घेतलें आहे. पण हा कवि आणि तें नगर ह्यांच्यामागें एक स्वतंत्र राजशाखा उभी होती, हें कोणाच्याच ध्यानीं आलें नव्हतें.

ताम्रपट हातीं येतांच मिराशींनीं अजिंठ्याचा लेख नव्यानें तपासला. जेथें दुसरेंच नांव वाचलें गेलें होतें तेथें सर्वसेन होता! वंशावळ नागपूरकडील थोरल्या शाखेची नसून वत्सगुल्माच्या धाकट्या शाखेची ठरली. हें वाचन हैदराबादच्या पुराणवस्तुसंशोधन खात्यानें इ. स. १९४१ मध्यें प्रसिद्ध केलें. पुढें वाशीमजवळ हिस्से-बोराळें येथें देवसेनाच्या काळचा शक ३८० चा, म्हणजे इ. स. ४५८ चा लेख मिळाला. हरिषेण हा देवसेनाचा पुत्र. त्यामुळें वराहदेवाचें लेणें कोणत्या पिढींतलें ह्याला भक्कम आधार आला. त्याच वराहदेवाच्या कुळाचा वृत्तांत जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यांत कोरलेला आहे. तो लेखहि मिराशींनींच इ. स. १९५२ मध्यें संपादून छापला.

सोळाव्या लेण्यांतील एक जागा मात्र त्यांनाहि वश झाली नाहीं. हरिषेणाच्या वर्णनांत कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशीं देशनामें ओळीनें येतात, आणि नेमकें क्रियापद झिजून गेलें आहे. ते देश जिंकले, कीं त्यांच्याकडून खंडणी घेतली, कीं आणखी कांहीं? मिराशींनीं अनुमान केलें. पण दगड त्याची साक्ष देत नाहीं.

त्यांचीं सर्वच अनुमानें टिकलीं असेंहि नाहीं. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचें पवनार, असें त्यांचें मत होतें. पुढें रामटेकाजवळ मनसर येथें उत्खनन झालें आणि कित्येक संशोधकांचा कौल तिकडे झुकला. दंडीच्या ‘दशकुमारचरितां’तील शेवटच्या कथेंत वाकाटकांच्या ऱ्हासाची छाया आहे, ही त्यांची कल्पना अमेरिकन पंडित वॉल्टर स्पिंक ह्यांनीं उचलली, आणि अजिंठ्याचें काम एकाएकीं कां थांबलें ह्याचा उलगडा तिच्या आधारें केला. कथेला इतिहासाच्या साक्षीस उभें करावें कीं नाहीं, हा वाद अजून मिटलेला नाहीं. तो मिटण्याची घाईहि नको.

बहुतेक माणसें सेवानिवृत्तीनंतर जुन्या आठवणी सांगत बसतात. मिराशींचीं मोठीं कामें त्या वयांत झालीं. भारतीय कोरीव लेखांच्या सरकारी ग्रंथमालेंत कलचुरि-चेदि संवताचा खंड इ. स. १९५५ मध्यें आला, तेव्हां ते बासष्ट वर्षांचे होते. वाकाटकांचा खंड सत्तराव्या वर्षीं, इ. स. १९६३ मध्यें. इ. स. १९७५ मध्यें सरकारनें त्यांना पद्मभूषण दिलें. त्यानंतर दोन वर्षांनीं, चौऱ्याऐंशींच्या घरांत असतांना, शिलाहारांच्या लेखांचा खंड बाहेर पडला. शिलाहार हे कोंकणचे आणि कोल्हापूरचे राजे. ज्या किनाऱ्यावर मिराशी जन्मले त्याच मुलुखाचीं दानपत्रें त्यांनीं उतारवयांत संपादिलीं. इ. स. १९८५ मध्यें ते निवर्तले.