पोटदुखीमागची भीती



माझ्या व्यवसायाविषयी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसांनी सुचविले. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हटले की पुष्कळांना वेड्यांचा डॉक्टर वाटतो. मी औषधे देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञांचे. बोलणे, चाचण्या आणि सराव ही माझी साधने. या व्यवसायाचा उगमही शाळेशीच जोडलेला आहे. 1896 साली लाइटनर विटमर यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय काढले, तेव्हा एका शिक्षिकेने आणलेला पहिला मुलगा होता तो शब्दांचे स्पेलिंग जमत नाही म्हणून.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांतला एक प्रकार इतका नेहमीचा आहे की तोच सांगते. सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखते, ओकारी येते. रविवारी मात्र काही नाही. डॉक्टरांना तपासणीत काही सापडत नाही. मग घरात दोन पक्ष पडतात. अब्बा म्हणतात, ढोंग आहे, दोन द्या ठेवून. दादी म्हणते, नजर लागली, पोरीला घरी राहू द्या. दोघांच्या मायेबद्दल शंका नाही, पण दोन्ही उपाय चुकतात. पोटदुखी खरीच असते. भीतीने छाती धडधडते तसा पोटात मुरडाही येतो. घरी राहिले की लगेच बरे वाटते, आणि घात होतो तो येथेच. सुटकेची सवय लागते, दुसऱ्या दिवशी भीती वाढलेली असते. मुलगी असेल तर 'राहू दे, शिलाई शिकेल' म्हणून तिचे शिक्षण तेथेच संपते.

आधी कारण शोधावे. वर्गातला दांडगा मुलगा, टोचून बोलणारे शिक्षक, कधी नुसती फळ्यावरचे न दिसणारी नजर! मग हळूहळू परत न्यावे : पहिल्या दिवशी फाटकापर्यंत, पुढे वर्गाच्या दारापर्यंत, मग एक तास. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या बालकाला आवडीचा खाऊ देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला होता. मोठ्या माणसांनाही हीच रीत लागू पडते. जुम्याच्या नमाजला घाबरून दाराजवळच्या शेवटच्या सफेत उभे राहणारे गृहस्थ माझ्याकडे येतात. त्यांनाही एकेक सफ पुढे सरकावे लागते.

दुआ जरूर करा, पण उपचार टाळू नका. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी यांनी देह आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. त्यात भीती, राग, खिन्नता आणि छळणारे विचार यांची वेगवेगळी चर्चा आहे. 'बोभाटा झाला तर स्थळे येणार नाहीत' ही धास्ती मी समजू शकते. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन आमच्यावर घातले आहे.

विद्यार्थिनींनो, आपल्या मोहल्ल्यातल्या कित्येक आया मनातले दुखणे बाईजवळच उघड करतात, आणि अशा बाया फार थोड्या आहेत. मानसशास्त्रात पदवी, पुढे एम.ए., नंतर रुग्णालयातील प्रत्यक्ष कामासह प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी, असा हा मार्ग. अभ्यासक्रमांचे नियम बदलत असतात, तेव्हा प्रवेशापूर्वी त्या वर्षीचे नियम पाहावेत. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर विनामूल्य चालू आहे. क्रमांक लिहून घ्या. सभेनंतर मी येथेच थांबणार आहे. ज्यांना एकट्याने बोलायचे असेल त्यांनी मागच्या खोलीत यावे.