आजीच्या झेंडूचं बी
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेतील मनोगत)



मला परसबागेवर बोलायला सांगितलं आहे. मी भाजीवर कमी आणि फुलांवर जास्त बोलणार आहे. रागावू नका.

माझी आजी सडक अर्जुनी तालुक्यातली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला गेली. सातबारावर तिचं नाव नव्हतं, घराच्या कागदावरही नव्हतं. तिचं म्हणावं अशी एक घरामागची वाडी. त्यात गुलबाक्षी, शेवंती आणि भरगच्च केशरी झेंडू. घरात घड्याळ नव्हतं. गुलबाक्षी उमलली की ती चूल पेटवायची. दसऱ्याला दाराला आणि गायगोधनाला गाईच्या गळ्यात तिच्याच झेंडूची माळ असायची.

माझं लग्न झालं, तेव्हा तिने लुगड्याच्या तुकड्यात झेंडूचं बी बांधून दिलं. म्हणाली, "दरसाल पेर, म्हणजे मी तुझ्या घरी येत जाईन." आजी गेली, पण झेंडू दरवर्षी फुलत राहिला.

मग आमचं घरकुल मंजूर झालं, दोघांच्या नावे. कागदावर माझं नाव पाहून पहिली आठवण आजीचीच आली. पण बांधकामात वाडीवर रेती-गिट्टी पडली, अंगणात सिमेंट आलं. बियाचं गाठोडं पावसात भिजलं, त्याला बुरशी लागली. चूक माझीच. ज्या घरावर माझं नाव लागलं, त्याच घराच्या कामात आजीचा झेंडू गेला.

बाजारातून संकरित बियाचं पाकीट आणलं. पहिल्या वर्षी फुलं छान आली. त्याचंच बी धरून पुढच्या वर्षी पेरलं, तर एक झाड उंच, एक बुटकं, फूल एकसारखं नाही. संकरित बियाचं असंच असतं, ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं.

मागच्या दिवाळीत गटातल्या एका मावशीकडे हप्ता मागायला गेले. बघते तर कुंपणाशी तोच झेंडू! मी विचारलं, हा कुठला? ती म्हणाली, "अवो, तूच तं देलं होतं ना बी, नवी सून होतीस तवा!" बायांनो, मी तिथेच रडले. घरात जपून ठेवलेलं बी कुजलं होतं आणि वाटलेलं बी जिवंत होतं.

म्हणून बी कसं धरायचं ते सांगते. पहिल्या बहरातली मोठी, निरोगी फुलं निवडा. ती तोडू नका, झाडावरच वाळू द्या. देठाकडून फूल उकललं की काळ्या काडीसारखं बी निघतं. सावलीत वाळवा, कोरड्या कापडात बांधा, ओल लागू देऊ नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला रोप टाका, तीन-चार आठवड्यांनी लावा, म्हणजे दसरा-दिवाळीला फूल हाती येतं. थोडी झाडं वांगी-टमाटरच्या वाफ्यात लावा; झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतले सूत्रकृमी कमी होतात. शेवंतीला बी सहसा धरत नाही म्हणून अडू नका. बहर संपल्यावर बुडाशी फुटवे येतात, ते मुळासकट वेगळे करून लावा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी गावरान बी जमवलं, गटातल्या बायांना वाटलं आणि 2020 ची पद्मश्री मिळवली. आपल्याकडे पद्मश्री नसेल, पण बी आहे.

एक विनंती. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने आई, आजी किंवा सासूकडून आलेल्या फुलाचं चिमूटभर बी नाहीतर एक फुटवा आणायचा. पुडीवर त्या बाईचं नाव लिहायचं. बी नेणारीने पुढच्या वर्षी दोन बायांना द्यायचं. हा आपला बियाचा हप्ता, आणि त्यावर व्याज नाही.

आपल्या आज्यांची नावं कागदावर नव्हती. निदान पुडीवर तरी लिहू या. मी लिहून आणली आहे. ही माझ्या आजीची पुडी, ताई, आधी तुम्हीच घ्या.

जय जिजाऊ, जय सावित्री!